चादरीखालचं सील

काका, चादर माझ्याकडे आहे. काकूंना परत द्यायची म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, त्याला पंधरवडा झाला. तुमच्या घरावरूनच रोज जाते, पण थांबत नाही. इथे नोव्हाय गावातला बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालाय, आणि चादर द्यायची म्हणजे दारात बूट काढायचे, आत बसायचं, चहा घ्यायचा. मग काकू विचारणार, "ऑफिसात काय म्हणतात गं?" त्या प्रश्नाचं उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं होतं. तुम्ही होतात तेव्हा दिलं नाही. आता देते आहे, म्हणजे बघा माझं शौर्य.

या चादरीचं काम काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. आपली कंपनी गाड्यांसाठी ऑइल सील, म्हणजे सांध्यातून तेल गळू न देणारी कडी, करणारी. मागच्या बाजूला एक खोली, तिच्या दारावर अंतराळ विभाग अशी पाटी. विभाग म्हणजे तुम्ही, तुमचा टेक्निशियन डग आणि एक लोखंडी टाकी. टाकीतली हवा काढून टाकलेली, आत चंद्रावरच्या धुळीसारखी बनवलेली पूड, आणि त्या पुडीत वर्षानुवर्षं फिरणारा एक दांडा. दांड्याला तुमचं सील. चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी असते, यंत्राच्या सांध्यात शिरली की सांधा गेला. ती शिरू द्यायची नाही एवढंच सीलचं काम. ते किती काळ टिकतं हे बघायचं तर दांडा फिरवतच राहायचा. एकदा थांबवून हवा आत घेतली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि मी त्या सीलबद्दल लिहायचे. सरकारकडे जाणारे प्रस्ताव, त्यांची भाषा, हे माझं काम. पण मी परदेशी नागरिक, आणि असलं यंत्र परदेशी माणसाला दाखवायचं नाही असा इथला कायदा. त्या खोलीत मी एकटीने जायचं नाही, सोबत कुणी नागरिक हवा, आणि मी आत येण्याआधी यंत्र झाकलेलं हवं. कंपनीने त्यासाठी निळी ताडपत्री दिली होती. तुम्ही ती डगला त्याच्या बोटीवर घालायला देऊन टाकलीत आणि घरून मोरांची सोलापुरी चादर आणलीत. "माणूस भेटायला येणार अन् ताडपत्री काय घालायची बाप्पा," म्हणालात.

नऊ वर्षं दर गुरुवारी मी त्या चादरीसमोर स्टुलावर बसले. वर मोर, खाली दांड्याची घरघर. मधेच तुम्हाला काही तपासायचं असलं की म्हणायचात, "मुग्धा, भिंतीकडे बघ." मी भिंतीकडे तोंड करायचे, तुम्ही चादरीचा कोपरा उचलायचात, आणि आपलं बोलणं तसंच चालू राहायचं. आपली निम्मी भांडणं मी भिंतीशी केली आहेत. सीलवर मी शेकडो पानं लिहिली असतील, पण ते काळं आहे की करडं, हे मला आजही ठाऊक नाही.

भांडायला विषय इथले राष्ट्राध्यक्ष पुरवायचे. तुमची टेस्ट सुरू झाली तेव्हा या देशाला मंगळावर जायचं होतं, वाटेत एखाद्या लघुग्रहाला भेट. मी नोकरीला लागले त्या वर्षी नवे अध्यक्ष आले आणि त्यांच्या सहीचा एक निर्देश निघाला. जुन्या धोरणातला एक परिच्छेद काढा, त्या जागी हा घाला. झालं, चंद्र परत आला. एवढ्या मोठ्या देशाने आकाशात कुठे जायचं हे ठरवणारा कागद जाडजूड असेल असं मला वाटलं होतं. छापून आणला तर लेकीच्या शाळेच्या सहलीचं परवानगीपत्र त्याहून मोठं होतं. राजा बोले, दळ हाले म्हणतात. आपल्याकडे दळ म्हणजे तुम्ही, मी आणि डग. पुढचे दोन महिने मी प्रत्येक कागदातला मंगळ काढून चंद्र घालत बसले आणि तुम्ही टाकीला हातसुद्धा लावला नाहीत. "पूड नाही बदलायची?" मी भिंतीला विचारलं. तुम्ही पाठीमागून म्हणालात, "पहिल्या दिवसापासून चंद्राचीच आहे. मंगळाची हिच्यापेक्षा नरम. इथे टिकलं ते तिथे टिकते. अध्यक्ष बदलते पोरी, धूळ थोडीच बदलते!"

निर्देश वाचायचा कसा, हे तुम्हीच शिकवलंत. छापील प्रत, पेन्सिल आणि जेवणाची सुट्टी. मोठ्या शब्दांकडे बघू नकोस, म्हणायचात. आपल्या सीलला उभं राहायला जागा देईल असं एक वाक्य शोध. ते असतंच, कारण लिहिणाऱ्यालाही सगळ्यांना थोडं थोडं खूश ठेवायचं असतं. ते सापडलं की त्याच्यावर प्रस्ताव उभा कर. मी त्यात इतकी तरबेज झाले की आपला मॅनेजर केविन नवा निर्देश आला की आधी माझ्या टेबलाशी यायचा आणि विचारायचा, "वाक्य सापडलं का?"

मला मात्र त्या सह्यांचा राग यायचा. एका माणसाने सही करायची आणि हजारो माणसांनी उलट्या दिशेने चालू लागायचं, ही कसली लोकशाही, असं मी म्हणायचे. तुम्ही कधी चिडला नाहीत. "दिशा त्यांची, पैसा इथल्या संसदेच्या, काँग्रेसच्या हातात. दोघांची ओढाताण चालते म्हणून तर आपली टाकी मधल्या मधे चालते. अन् सहीने आलेलं सहीने जाते. त्याला भ्यायचं नाही अन् भुलायचंही नाही. माझ्या आज्याला देवळाबाहेर उभं करत होते, त्या हुकमावर कुणाचीच सही नव्हती. म्हणून तो काढायला किती पिढ्या गेल्या बघ." लिहिलेल्या कायद्यावर तुमचा विश्वास होता, कारण लिहिलेलं दुरुस्त करता येतं. माझा नव्हता. हे भांडण आपण संपवलंच नाही. खरं तर मला ते संपवायचंही नव्हतं, कारण गुरुवारची मी वाट बघायचे.

पण एक गुरुवार मला विसरता येत नाही. तुम्हाला दार उघडायला उशीर झाला होता आणि मी बराच वेळ कॉरिडॉरमध्ये ताटकळत उभी होते. आत आल्या आल्या म्हणाले, "आता कळलं काका मला, बाहेर उभं राहणं काय असतं ते." गमतीत म्हणाले. माझ्या आडनावाला आजवर कुठल्या दाराने अडवलं नव्हतं, त्यामुळे एवढ्याशा अनुभवाचंही मला कौतुक. तुमचा आवाज बदलला. "नाही कळलं. तू नऊ ते पाच बाहेरची. पाच वाजता गाडीत बसून घरी जातेस. तुझ्या हाताचा कुणाला विटाळ होत नाही." मग चादरीची कड नीट करत बसलात, आणि जरा वेळाने म्हणालात, "पण खरं सांगू? दार माझ्या हाती आलं अन् मी कुणाला तरी बाहेर उभं करतो, हे मला दर गुरुवारी टोचते." त्या क्षणी 'मी चुकले' असं म्हणायला हवं होतं. मी प्रस्तावाचं दुसरं पान काढलं आणि तिसऱ्या ओळीबद्दल काहीतरी विचारलं.

तुम्ही मला कितीदा म्हणालात, निघ इथून. रेडमंडला तुझा भाऊ आहे, सॉफ्टवेअरमध्ये घुस, जन्मभर या दाराबाहेर काय बसतेस! म्हणायला सोपं होतं, काका. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीने केलेला, त्याची रांग माझ्या निवृत्तीपर्यंत तरी सरकेल का, देव जाणे. नवऱ्याचा आणि लेकीचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी हायस्कूलमधली मुलगी घेऊन मी कुठल्या गावाला परत जाऊ? आणि तुम्ही तरी कुठे मोकळे होतात? टाकी थांबवता येत नाही आणि डगवर सोडवत नाही, म्हणून नागपूरला जाणं दर वर्षी पुढे ढकललंत. काकू एकट्या जाऊन यायच्या. एक आत अडकलेला, एक बाहेर अडकलेली, आणि मधे मोरांची चादर. हे मी तुम्हाला एकदा ऐकवलं तर तुम्ही इतके हसलात की डग काय झालं म्हणून बघायला आला.

या हिवाळ्यात नवा निर्देश आला. या वेळी चंद्र जागेवरच होता, पण घाई होती. केविनने त्याचा साधा अर्थ लावला. जे लवकर उडणार नाही, ते थांबवायचं. त्याने मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला की विभागातल्या सगळ्या कामांचा एक तक्ता कर. एका रकान्यात काम, दुसऱ्यात निर्देशाशी सुसंगत आहे की नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाला की टाकी आणि प्रस्तावांचं डेस्क, दोन्ही वर्षभर चालवणं त्याला जमणार नाही. तुझी नोकरी असं तो म्हणाला नाही. डेस्क म्हणाला.

निर्देशात आपलं वाक्य होतं. दुसऱ्या पानावर, चंद्रावर नुसतं पोचायचं नाही तर टिकून राहायचं, अशा अर्थाचं. टिकायचं म्हटलं की धूळ आली, धूळ आली की सील आलं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही ते दिसलं असतं. मला पहिल्याच वाचनात दिसलं. मी चहा करून आणला, पुन्हा वाचलं, पुन्हा दिसलं. मग तुमच्या टेस्टपुढे 'सुसंगत नाही' असं लिहिलं, डेस्कपुढे 'सुसंगत' लिहिलं, आणि शुक्रवारी चार वाजता तक्ता पाठवून दिला. ज्या सीलबद्दल लिहायचं तेच थांबवून मी लिहिणारीची जागा वाचवली. हा शहाणपणा तेव्हा लक्षात आला नाही. त्या संध्याकाळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पुढचा आठवडाभर अळीमिळी गुपचिळी. मी वाट बघत होते की केविन तुम्हाला सांगेल. तो सांगत नाही म्हटल्यावर मला वाटलं, तो मी सांगावं म्हणून थांबलाय. मंगळवारी जेवायला बसलो तर तुम्ही डबा पुढे केलात. काकूंची पाटवडी होती. मी मान वर करेना. तुम्ही म्हणालात, "डोकं वर करून जेव. डब्यात काय बघतेस?" गुरुवारी मी दाताचं निमित्त काढून घरीच बसले. नऊ वर्षांत चुकवलेला तो पहिला गुरुवार, आणि रविवारी सकाळी फोन आला की ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढता काढता तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. मला आधी वाईट वाटलं नाही, काका. आधी मनात आलं, आता त्यांना कळणार नाही. मग रडू आलं, ते कशाचं होतं हे मला अजून सांगता येत नाही.

पुण्यानुमोदनाला तुमच्याच हॉलमध्ये सगळे जमले. त्रिशरण, पंचशील झालं. मग एकेक जण उठून बोलला. कुणाला तुम्ही पहिली नोकरी मिळवून दिली होतीत, कुणाच्या मुलाला गणित शिकवलं होतंत. काकूंनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि घडी केलेले कागद हातात दिले. "हे तुझं दिसते बाई. त्यांच्या बॅगेत होतं. शेवटच्या आठवड्यात रोज काढून बसायचे."

नव्या निर्देशाची छापील प्रत होती. दुसऱ्या पानावर ते वाक्य. खाली पेन्सिलची रेघ, एकदा मारलेली आणि पुन्हा गिरवलेली. बाजूला काहीही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी केविनला विचारलं की तो तक्ता त्याने तुम्हाला दाखवला होता का. त्याला माझा प्रश्नच कळेना. "अर्थात," तो म्हणाला, "टेक्निकल प्रमुखाच्या सहीशिवाय पुढे कसा जाईल?" त्याने फाइल उघडून दाखवली. तुमची सही होती, सोमवारची. म्हणजे पाटवडीच्या आदल्या दिवशीची. कामाच्या रकान्यात दांडा किती तास फिरला तो आकडा मी आळसाने गोल करून लिहिला होता. तुम्ही तो खोडून नेमका आकडा घातला होतात, स्वच्छ अक्षरात. बाकी एका शब्दाला हात लावला नव्हता. 'सुसंगत नाही' होतं तसंच होतं.

तुम्हाला ते वाक्य माहीत होतं. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं, हेही माहीत होतं. एक ओळ लिहिली असतीत तर तक्ता उलटला असता. तुमच्या नावाला तेवढं वजन होतं. त्याऐवजी तुम्ही माझं गणित दुरुस्त केलंत, सही केलीत आणि दुसऱ्या दिवशी मला पाटवडी वाढलीत. माझी रांग, माझी मुलगी, साठ दिवस, सगळं तुम्हाला पाठ होतं. म्हणून केलंत ना? की लिहिलेलं दुरुस्त होतं, पुढचा कुणीतरी येऊन करेल, असा तुमचा तो जुना विश्वास होता? की थकला होतात? मला आभार मानायचेत, आणि मला तुमचा भयंकर रागही आलाय. ओरडायचं होतंत. भिंतीकडे तोंड करायला लावून ओरडायचं होतंत. आता ही नोकरी मी सोडू कशी? तुमची टाकी देऊन घेतलेली आहे. आणि करू कशी, हे तरी सांगा.

बंद करायचा दिवस ठरला. समाप्तीचा अहवाल मीच लिहायचा होता, म्हणून मला आत सोडलं. सोबत डग. तुम्ही गेल्यापासून टाकी झाकायचं काम त्याच्याकडे आलेलं. त्याने चादर उलटी घातली होती, सगळे मोर डोक्यावर उभे. मी स्टुलावर बसले. डगने घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. घरघर एकदम थांबली नाही. हळूहळू उतरत गेली, आणि मग मला त्या खोलीत पहिल्यांदा दिव्यांचा आवाज ऐकू आला.

डगने बाहीने डोळे पुसले. मग दाराकडे एकदा बघून चादरीचा कोपरा धरला आणि म्हणाला, "नऊ वर्षं लिहिलंस याच्यावर. बघायचंय? आता ते भंगारच आहे. कुणाला कळणार आहे?"

मला बघायचं होतं, काका. नऊ वर्षं बघायचं होतं. फार तर दोन सेकंद लागले असते. तुम्ही दर गुरुवारी, टोचत असतानासुद्धा, तो कोपरा नियमाने खाली धरलात, तेव्हा तुमच्या माघारी तो उचलणं बरं नव्हे, असं कारण मी देऊ शकले असते. ते खरं नाही. खरं एवढंच की बघायचा हक्क मी एका शुक्रवारी चार वाजता घालवून बसले होते.

"थांब," मी म्हणाले. स्टुलावरून उठले आणि भिंतीकडे तोंड केलं. "आता काढ."

चादर सरकल्याचा आवाज आला. मग झाकणाचे बोल्ट एकेक करून सैल होऊ लागले. मी भिंतीला सांगितलं की बाहेर उभं राहण्याबद्दल त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं, मला काहीच कळलं नव्हतं. मग तक्त्याचं सांगितलं, त्या वाक्यासकट, मोठ्याने, मराठीत. डगचा पाना मधेच थांबला. मी प्रार्थना म्हणतेय असं त्याला वाटलं असावं.

माझं सांगून झालं. भिंतीशी बोललं की पाठीमागून उत्तर येतं, अशी मला नऊ वर्षांची सवय. मी तशीच उभी राहिले. शेवटी डगने चादरीची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली, आणि मला दारापर्यंत सोडलं.